बहिणीचा माल

माणूस वाईट वागला तर त्याला टोकणारे चार जण भेटतात. बायको टोकते, शेजारी टोकतो, नाहीतर उशीवर डोकं टेकल्यावर त्याचा तोच स्वतःला टोकतो. पण माणूस फार चांगला वागायला लागला, तर त्याला कोण टोकणार? उलट लोक पाठ थोपटतात. आणि पाठ थोपटून घ्यायची चटक फार वाईट हो! ती एकदा लागली की देवसुद्धा बाजूला उभा राहून म्हणतो, चालू दे बाबा तुझं, दमलास की हाक मार.

भाजीबाजारातल्या पारख्याचं तसंच झालं.

पारखी म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस. सकाळी गाड्या आल्या, क्रेट उतरले, शेडमध्ये ओळीने लागले की हा हातात खडू घेऊन निघायचा. क्रेटमधलं वरचं फळ बघायचा, मग कोपरापर्यंत हात घालून मुद्दाम तळातलं काढायचा. रंग बघायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा, देठाशी नाक न्यायचा आणि क्रेटच्या अंगावर रेघ ओढायचा. एक रेघ म्हणजे पहिली प्रत, दोन म्हणजे दुसरी. तीन रेघा ओढल्या की तो माल सॉसच्या कारखान्याच्या गाडीत. त्याच्या मागोमाग लिलाव पुकारणारा यायचा आणि रेघ बघूनच बोली सुरू करायचा. बाजार चढो नाहीतर पडो, एकदा रेघ बसली की मालाचं नशीब बसलं.

मात्र त्या बाजारात एक जुनी, शहाणी रीत होती. शेडमध्ये उजेड बेताचा. म्हणून रेघ पटली नाही तर शेतकऱ्याने एकच शब्द म्हणायचा, ‘उजेडात’. मग पारख्याने ओंजळभर फळं शेडच्या दारात, उघड्या आभाळाखाली न्यायची आणि सगळ्यांदेखत पुन्हा बघायची. चूक निघाली तर रेघ पुसायची. नाही निघाली तर शेतकऱ्याने मुकाट्याने माल विकायचा. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पारखी स्वतःसुद्धा कधीकधी आपणहून म्हणे, “थांबा, मला खात्री वाटत नाही, उजेडात नेऊ.” त्यामुळेच लोकांचा त्याच्यावर जीव होता.

आपणहून त्याने कधी उजेडात नेला नाही तो फक्त एकीचा माल. त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा.

याला कारण होतं. त्याच्या आधीच्या पारख्याने एकदा मेव्हण्याच्या किडक्या फ्लॉवरला एक रेघ ओढली होती. गड्डे फोडून लोकांनी आतल्या अळ्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्या जागेवर हा बसला तेव्हा पहिल्याच सकाळी कुणीतरी मागून बोललं, “याची बहीण टोमॅटो करते म्हणे. चला, एका घराची तरी सोय झाली.” ते वाक्य याच्या कानात काट्यासारखं राहिलं ते राहिलंच.

ताईनेही ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती लवकर आली तरी पुढच्या रांगेत बसेना. सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, भोपळेवालीच्या शेजारी क्रेट लावायची. चारचौघांत त्याला ‘राजा’ म्हणायचीही नाही. लहानपणी याला मांडीवर घेऊन, टोमॅटोच्या ढिगातलं एकेक फळ हातात देऊन तिनेच शिकवलं होतं, “हे बघ राजा, हे नुसतं तांबडं. आणि हे लाल. कळला फरक?” तीच ताई आता बाजारात त्याला “अहो पारखी” म्हणायची. मग दोघं एकमेकांकडे न बघता ओठांतल्या ओठांत हसायची.

दोन वर्षांपूर्वी वादळात त्या कोपऱ्यावरचा पत्रा उडाला. बाजाराच्या लोकांनी तिथे फायबरचा हिरवा पत्रा टाकला, खाली उजेड यावा म्हणून. त्या हंगामापासून ताईच्या मालाला दोन रेघा लागायला लागल्या. आधी सर्रास पहिली प्रत असायची, आता कायम दुसरी. पारख्याला वाटलं, जमीन दमली असेल. वाईटही वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, खरं सांगायचं तर, थोडं हायसंही वाटलं. आता कोण काय बोलणार होतं?

त्या सकाळी ताई हंगामाचा शेवटचा तोडा घेऊन आली. पारखी कोपऱ्यात पोचला तेव्हा भोपळेवाली चहाला गेली होती, आसपास कुणी नव्हतं. ताई हळूच म्हणाली,

“राजा, आज नीट बघ हं.”

“म्हणजे? रोज काय वाकडं बघतो का?”

“तसं नाही रे. पोरगा हट्टाला पेटलाय. म्हणतो, दोन वर्षं दुसऱ्या प्रतीच्या भावात मजुरीही सुटत नाही. आज पहिली लागली तर पुढच्या वर्षी पुन्हा टोमॅटो. नाही लागली तर दुपारीच ट्रॅक्टर घालणार आणि जमीन फुलवाल्याला देणार. फुलवाला येऊन बोलूनसुद्धा गेलाय.”

पारख्याचा चेहरा कडक झाला. “ताई, हे मला सांगायला नको होतंस.”

“का? भाऊ ना तू माझा?”

“म्हणूनच नको होतंस. आता मी बघू कसा?”

ताई वरमली. पदराने उगाचच क्रेटची कड पुसत म्हणाली, “बरं, नाही सांगितलं समज. बघ तुला दिसेल तसं.”

तेवढ्यात लिलाव पुकारणारा आला. ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा बसलेला, म्हणून सगळा बाजार त्याला घसा म्हणे. त्याच्या मागे घेणाऱ्यांचं लटांबर. पारख्याने क्रेटमध्ये हात घातला. वरचं फळ उचललं. काळपट. तळातलं काढलं, तेही काळपट, तपकिरीकडे झुकलेलं. जास्त पिकून उतरलेल्या मालाचा रंग. त्याने अंगठा दाबला. फळ घट्ट होतं. देठाशी नाक नेलं. वास ताजा होता.

म्हणजे हात एक सांगत होता, नाक तेच सांगत होतं आणि डोळे भलतंच सांगत होते. दुसऱ्या कुणाचा माल असता तर तो हमखास म्हणाला असता, थांबा, उजेडात नेऊ. पण बहिणीचे शब्द अजून कानात गरम होते. त्याला वाटलं, हाताला घट्ट लागतंय ते आपल्याला घट्ट लागावं असं वाटतंय म्हणून. वास येतोय तो मायेचा. आणि त्याने स्वतःच्या हाताला खोटं ठरवलं.

घशाने त्याचा थांबलेला खडू बघितला. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा चांगला. म्हणाला, “काय पारखी, अडलं का? ने की उजेडात. पाच पावलांवर दार आहे, बैलगाडी जोडायला नको.”

लोक हसले. पारखी ताठ झाला.

“बहिणीचा माल म्हणून दोनदा बघायचा? एकदा बघितला तेवढा पुरे.”

आणि त्याने ओढल्या. एक, दोन आणि तीन.

मग एक जाडजूड घेणारा म्हणाला, “याला म्हणतात माणूस! सख्खी बहीण समोर उभी, तरी हात हलला नाही.” दुसऱ्याने पारख्याच्या पाठीवर थाप मारली. घशाने मात्र ताईकडे बघितलं आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात पुकारलं, “सॉसवाले, पुढं या.”

पारख्याने ताईकडे बघितलं नाही. पुढच्या ढिगाकडे जाताना त्याला पाठीवरच्या थापेची ऊब जाणवत होती. आणि देवा, ती ऊब त्याला बरी वाटत होती.

*

काम आटोपून पारखी शेडबाहेर चहा प्यायला आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फाटकाशी सॉसच्या कारखान्याची गाडी उभी होती. मागची फळी पाडलेली, हमाल क्रेट चढवत होते. चहाचा पहिला घोट घेता घेता त्याची नजर फळीच्या टोकावरच्या क्रेटवर गेली आणि तिथेच खिळली.

काय रंग होता! त्या क्रेटमध्ये कुणी दिवे लावून ठेवले असावेत असा लाल. कडेकडेने भरलेलं, एकसारखं, टवटवीत फळ. हंगामाच्या अखेरीला असा माल त्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. चहा तसाच ठेवून तो गाडीपाशी गेला, एक फळ उचललं, दाबलं, उन्हात फिरवलं. त्याचा संतापाने तोल गेला.

“अरे ए गाडीवाल्या! हा माल इकडे कसा? हा पहिल्या प्रतीचा माल आहे. हा चेचायला नेतोस? कुठल्या आंधळ्याने याला तीन रेघा मारल्या?”

गाडीवाला फळीवर बसून विडी ओढत होता. त्याने पारख्याकडे नीट निरखून बघितलं, थट्टा करतोय की काय म्हणून.

“साहेब, सकाळीसकाळी गरिबाची फिरकी घेता का? या बाजारात रेघा मारणारे आंधळे किती आहेत?”

पारख्याने क्रेट फिरवला. पलीकडच्या अंगावर तीन रेघा होत्या. शेवटच्या रेघेच्या टोकाला त्याच्या हाताचा तो लहानसा बाक, खडू उचलताना नेहमी वळायचा तसा. त्याने सवयीने तळात हात घातला. बोटांना कापड लागलं. फळाला क्रेट लागू नये म्हणून तळाशी अंथरलेला, निळ्या चौकड्यांच्या चादरीचा तुकडा. त्या चादरीवर तो लहानपणी झोपला होता.

हातातलं फळ घेऊन तो जवळजवळ धावतच शेडमध्ये शिरला. मागच्या कोपऱ्यात गेला. हात पुढे केला. फळ काळपट झालं. तपकिरी, उतरलेलं, सकाळी होतं तसंच. आणि ज्या हातात ते होतं तो हातही त्याला पहिल्यांदाच दिसला. हिरवट, आजारी माणसाचा असावा तसा. त्याने मान वर केली. डोक्यावर हिरवा पत्रा उन्हात मजेत चमकत होता.

भोपळेवाली गोणी झाडत होती. म्हणाली, “काय हो पारखी, पाल आहे का वर?”

तो दारापर्यंत गेला, फळ लाल झालं. परत कोपऱ्यात आला, काळं झालं. तिला वाटलं, याला उन्हाचा झटका आला असावा.

बाहेर येईपर्यंत गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. पारखी म्हणाला, “हा क्रेट ठेव. चूक झालीय. प्रत बदलायचीय.”

“साहेब, सौदा झाला, पावती फाटली, तुमच्या ताई तर कधीच गेल्या. रीत तुम्हाला मी शिकवू? सौद्यानंतर रेघ पुसत नाहीत.”

खरं होतं. ते त्यानेच कित्येकांना ऐकवलं होतं. त्याने हातातलं फळ जपून क्रेटमध्ये परत ठेवलं.

“ठेवा की तेवढं एक,” गाडीवाला हसून म्हणाला. “कारखाना काही बुडायचा नाही.”

“नको,” पारखी म्हणाला. “विकलेल्या मालातलं मी घेत नाही.”

गाडी गेली. तो बसथांब्याकडे धावला.

*

बहिणीच्या घरापर्यंत बस तीनदा थांबते, आणि त्या दिवशी ती प्रत्येक ठिकाणी आपल्याला चिडवायला थांबतेय असं त्याला वाटलं. रस्ताभर तो एकच मागणं मागत होता. देवा, ट्रॅक्टरला काहीतरी होऊ दे. चाक रुतू दे, डिझेल संपू दे, भाच्याला झोप लागू दे. माणूस किती बारीकसारीक मागतो बघा, आणि किती उशिरा मागतो.

वळणावरून उतरल्यावर आधी वास आला. चिरडलेल्या टोमॅटोच्या पानांचा, उग्र, हिरवा वास. मग शेत दिसलं. वेलींना आधार दिलेल्या काठ्या बांधावर रचून ठेवलेल्या, सुतळीची भेंडोळी त्यांवर टांगलेली. आणि जिथे ओळी होत्या तिथे काळी, ओली, उलटी माती. भाचा ट्रॅक्टर उभा करून चाकाचा चिखल काढत होता.

“या मामा,” तो मान वर न करता म्हणाला. “तपासायला आलात का, ट्रॅक्टर सरळ फिरवला की नाही ते? बघा, बहिणीचं शेत म्हणून सूट देऊ नका.”

“अरे, माझं चुकलं रे. तो माल पहिला होता. त्या कोपऱ्यावर हिरवा पत्रा आहे, त्याखाली लाल रंग…”

भाच्याचा हात थांबला. त्याने मामाच्या तोंडाकडे बघितलं, मग शेताकडे. शेवटी म्हणाला, “सकाळी सांगायचं हो, मामा.” त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. “फुलवाल्याला शब्द दिलाय मी.”

ताई मागच्या अंगणात नळाखाली क्रेट धूत होती. याला बघून तिने पाणी बंद केलं, हात पदराला पुसले.

“आलास? जेवलास का?”

“ताई, ऐक ना…”

त्याने सगळं सांगितलं. गाडी, ऊन, चादर, पत्रा. सांगून संपल्यावर ती उपड्या क्रेटवर बसली आणि त्यालाही दुसऱ्या क्रेटवर बसवलं.

“भोपळेवाली म्हणायची मला,” ती म्हणाली. “‘बाई गं, तुझे टोमॅटो इथं वांग्यासारखे दिसतात.’ हसायचो आम्ही.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“दिसतात काळे, एवढं ठाऊक होतं. पण मला वाटायचं, तू पारखी आहेस. तुला आमच्यासारखं थोडंच दिसत असेल?”

“मग जागा बदलायची ना!”

“पुढं बसले असते तर म्हणाले असते, भावाने जागा काढून दिली.”

“निदान ‘उजेडात’ तरी म्हणायचं. एवढा एक शब्द, ताई! सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणतात. मी म्हटलं असतं, तू नेलं असतंस, आणि प्रत बदलली असती. मग? आधीच्या पारख्याच्या टेबलावर काय आणून ठेवलं ते मी बघितलंय. तुझ्या टेबलावर कुणी काही ठेवावं एवढं काही माझ्या टोमॅटोचं मोल नाही.” ती थांबली. क्रेटच्या फटीत अडकलेलं पान काढत राहिली. “आणि खरं सांगू? वाटायचं, एक दिवस तू आपणहून नेशील. दुसऱ्यांचा नेतोस तसा. आज घसा म्हणाला तेव्हा तर मी पाऊलसुद्धा उचललं होतं दाराकडे.”

पारख्याने तोंड ओंजळीत घेतलं. नळाचा थेंब बादलीत पडत राहिला.

“पुढच्या वर्षी,” तो म्हणाला, “दुसरी कुठं जमीन बघू. वाट्याने करू. मी येईन सुट्टीच्या दिवशी. बी तर आहे ना आईचं?”

हे बी त्यांच्या आईपासूनचं. दर हंगामात ताई शेवटच्या तोड्यातली सगळ्यात देखणी फळं बाजूला काढायची, घरात पिकवायची आणि त्यांचं बी राखेत घोळवून डब्यात ठेवायची. बाकी काही चुकेल, हे कधी चुकलं नव्हतं.

ताई हसली.

“बियाची फळं आज क्रेटमध्येच घातली रे. सगळ्यात वर. म्हटलं, आज नजरेत भरू देत. पहिली लागली तर बी काय, विकतसुद्धा आणता येईल.” मग, त्याला बरं वाटावं म्हणून असेल, ती थट्टेने म्हणाली, “एवढं गाडीपर्यंत गेलास, एखादं खिशात घालून आणायचं होतंस. एवढीशी चोरी देवाने माफ केली असती.”

तो तळहात उघडून बघत राहिला. त्या हाताने ते फळ धरलं होतं, ओळखलं होतं, आणि जपून परत ठेवलं होतं.

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी फोडणीसाठी ठेवलेला एक टोमॅटो घेऊन आली. लहान, एका बाजूला दबलेला.

“याचं बी धरलं तर असलंच बारकं येणार,” ती म्हणाली. “पण आमच्या शेतातलं एवढंच उरलंय. बघ बरं, कोणती प्रत?”

ऊन भिंतीपलीकडे उतरलं होतं. अंगणात सावली होती. पारखी सवयीने फळ हातात घेऊन उठला, दाराकडे वळला, उजेड कुठे आहे ते शोधू लागला. मग थांबला. फळाकडे बघितलंच नाही. बहिणीकडे बघून म्हणाला,

“पहिली.”

“अहो पारखी! न बघताच?”

“न बघता.”

ताईने फळ त्याच्या हातातून घेतलं आणि पदराने पुसलं. बाहेर भाच्याने ट्रॅक्टर पुन्हा सुरू केला, बांधाकडची, फळं तोडून रिकामी झालेली शेवटची ओळ आडवी करायला. तिने त्या आवाजाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली,

“उपयोग नाही काही आता. पण पुन्हा एकदा म्हण, राजा.”

तो पुन्हा म्हणाला. ट्रॅक्टरच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. तिने मान हलवली, फळ खिडकीत, जिथे सकाळचं पहिलं ऊन येतं तिथे ठेवलं आणि उरलेले क्रेट धुवायला घेतले. पारख्याने अस्तन्या वर सारल्या. ती धुऊन द्यायची, तो पुसून भिंतीशी उपडे लावायचा. एका क्रेटवर अजून खडूच्या दोन रेघा होत्या, मागच्या खेपेच्या. त्याने त्या ओल्या फडक्याने घासल्या. पुसल्या गेल्या. वाळल्यावर मात्र पुन्हा पुसटशा दिसायला लागल्या, आणि तो परत घासत बसला.